सोलापूरचं ऊन, तीनशे रुपये आणि ओला नॅपकिन

तीन हजाराची वाईन मी आयुष्यात एकदाच प्यायलोय आणि ती खराब झालेली होती. झालं असं की मेव्हण्याने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला पुण्याहून येताना एक रेड आणली, परदेशी, बुचाची, लेबलवर किल्ला बिल्ला, आणि किमतीचं स्टिकर काढायला विसरला (नसेलही विसरला, मेव्हणे आहेत शेवटी). आता एवढी महागाची बाटली साध्या मंगळवारी वरण-भातासोबत कोण उघडणार, म्हणून "काहीतरी खास असेल तेव्हा बघू" म्हणत ती हॉलमधल्या कपाटावर गेली. वाईन जितकी जुनी तितकी भारी हे आपल्या डोक्यात लहानपणापासून फिट्ट बसलेलं. तिथं तिने दोन उन्हाळे काढले. आमचं घर जुळे सोलापुरात, वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात बाहेर ४३ असतं तेव्हा त्या कपाटावर काय असेल विचार करा, पापड वाळतील.

शेवटी पोराला दहावीत बरे मार्क पडले तेव्हा उघडायला घेतली तर बूच आधीच थोडं वर सरकलेलं, मानेवर वाळलेला चिकट ओघळ. रंग विटकरी. वास घेतला तर शिजलेल्या मनुका. बायकोने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अहो, आमटीत घालायचा चिंचेचा कोळ बरा लागतो याच्यापेक्षा." बाटली सिंकमध्ये गेली. म्हणजे अक्षरशः ओतली, आणि ओतताना मी मनात हिशोब करत होतो की हे किती लिटर पेट्रोल झालं असतं. मग फ्रीजमध्ये देशी चेनिन ब्लांकची, म्हणजे एका व्हाईट वाईनची, अर्धी बाटली होती, तीनशे पंच्याहत्तर मिलीची, चारशेच्या आत आणलेली, ती दोघांनी घेतली आणि लै भारी लागली ओ.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालंय की सोलापुरात वाईनची वाट पैशाच्या कमीने लागत नाही, उन्हाने लागते. पैसे कमी असले तरी चालतंय, सावली पाहिजे.

मी एका टॉवेल कारखान्यात अकाउंट बघतो, अक्कलकोट रोडला. पगार किती असेल ते तुम्हीच ओळखा. घरभाडं, पोराचा क्लास, आईची औषधं हे सगळं गेल्यावर शौकाला जे उरतं त्यात महिन्यातनं एकदा वाईन बसते, आणि तीही वर्गणी काढून. आम्ही पाच जण आहोत, मी, बायको, एक बँकवाला, त्याची बायको आणि एक शाळेतले सायन्सचे मास्तर. माणशी तीनशे. म्हणजे पंधराशे. त्यात साधारण दोन बाटल्या येतात, कधी वर चाळीस-पन्नास उरले तर शेंगदाणे. एका बाटलीत साडेसातशे मिली, चव बघण्यापुरतं साठ-साठ मिली ओतलं तर बारा वेळा ओतता येतं, त्यामुळे पाच जणांना दोनदा ओतूनही बाटलीत शिल्लक राहते. तीनशे रुपयात आजकाल हॉटेलात धड मटण थाळी येत नाही, आम्ही एवढ्यात रात्री दहापर्यंत भांडत बसतो.

दोनच बाटल्या का आणि त्याही एकाच वेळी का, तर एकटी बाटली उघडली की माणूस "हां, चांगली आहे" म्हणतो आणि पुढं काहीच सुचत नाही. मला सुरुवातीला वर्षभर तेच व्हायचं, वाटायचं आपल्याला जीभच नाही. मग एकदा मास्तर म्हणाले, तुला मालदांडीची भाकरी आणि हायब्रीड ज्वारीची भाकरी यातला फरक कळतो का? म्हणलं कळतो की, झोपेतनं उठवून दिली तरी कळतो. म्हणाले मग झालं, तुला जीभ आहे, फक्त शेजारी शेजारी ठेवून खायची सवय नाही. आणि खरंच, दोन ग्लास शेजारी ठेवले की आपोआप तोंडातनं निघतं, ही जास्त आंबट आहे, ही घशाला गरम लागती, हिचा वास आधी येतो आणि चव नंतर कुठंतरी गायब होती. एवढंच असतं टेस्टिंग. बाकीचं सगळं सूट घालून केलेलं हेच काम.

आपल्या भाषेत तर त्याची निम्मी तयारी आधीच झालेली आहे असं मला वाटतं. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा रस आपण लहानपणीच पाठ करतो. यातला तुरट हा शब्द रेड वाईनला एकदम चपखल बसतो. जांभूळ खाल्ल्यावर किंवा कोरा चहा जास्त उकळला की जीभ आणि हिरड्या कोरड्या पडल्यासारखं होतं ना, ते टॅनिन. ते आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून तोंडातलं वंगण गेल्यासारखं वाटतं, हे मास्तरांचं ज्ञान. आणि आंबटपणा ओळखायचा तर गिळल्यावर गालांच्या आत पाणी सुटतं का बघायचं, चिंच नुसती आठवली तरी सुटतं तसं. आम्ही पहिल्यांदा बसलो तेव्हा वाईन नव्हतीच, तीन ग्लास होते, एकात लिंबूपाणी, एकात कडक कोरा चहा थंड केलेला, एकात साखरपाणी. खर्च दहा रुपये पण नाही. बँकवाला म्हणाला, "का बे, हे प्यायला बोलवलं का मला बायकोला घेऊन?" पण त्याला पुढच्या वेळी रेडमधलं तुरट बरोब्बर सापडलं.

ड्राय या शब्दाने मात्र लै घोळ घालतात. दुकानात "ड्राय द्या" म्हणलं की लोकांना वाटतं काहीतरी कडक. ड्राय म्हणजे साखर जवळजवळ राहिलेली नाही, बास. वासाला फळासारखी गोड आणि चवीला अजिबात गोड नाही अशी वाईन असू शकते, खात्री करायची तर नाक दाबून घोट घ्या, वास बंद झाला की खरी साखर किती ते कळतं. ज्यांची वाईनशी ओळख गोव्याच्या ट्रिपमधल्या गोड पोर्ट वाईनवर झालीय (आमची सगळ्यांची तिथंच झालीय, लपवायचं काय) त्यांना ड्राय वाईन पहिल्यांदा बिघडल्यासारखीच वाटते. थांबायचं थोडं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला जमतं.

आता दुकानाचं सांगतो कारण निम्मे पैसे तिथंच वाया जातात. आपल्याकडं पाटीवर मोठ्या अक्षरात वाईन शॉप लिहिलेलं असतं आणि आत वाईन सोडून सगळं असतं. बियर, व्हिस्की, रम, आणि वाईनच्या दहा-बारा बाटल्या कुठंतरी सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या पोटात किंवा काचेपाशी उन्हात, शोभेला उभ्या. खप नसल्यामुळे त्या तिथंच वर्ष वर्ष उभ्या असतात. मी एकदा विचारलं, "मालक, व्हाईटमध्ये ताजी कुठली आहे?" तो म्हणाला, "वाईन कधी ताजी असती का ओ? भाजी हाय का ती?" मागच्या रांगेतली दोन पोरं हसली. पण मुद्दा तोच आहे, आपल्या बजेटातली वाईन बहुतेक करून भाजीच असते. वर्षा-दोन वर्षात प्यायची असती, पाच वर्षं तळघरात ठेवायची नसतेच, आणि तळघर तर आपल्याकडं सोसायटीचं पार्किंग असतं. म्हणून मी लेबलावरची तारीख बघतो, व्हाईट किंवा रोझे (गुलाबी वाईन) असेल तर शक्य तितकी अलीकडची, आणि समोरची शोभेची बाटली न घेता आतल्या खोक्यातली मागतो. पहिल्यांदा वैतागला होता, आता मला बघितलं की स्वतःच पोराला सांगतो, "आतली आण रे त्या भाजीवाल्याला." असूदे. बूच आणि फिरकीचं झाकण यात माझं मत फिरकीला. लोक त्याला हलकं समजतात, पण उघडायला अवजार लागत नाही आणि परत घट्ट बसतं.

उरलेल्या वाईनचं काय करायचं हा गरिबांचाच प्रश्न आहे, श्रीमंत लोक उरवत नसतील किंवा टाकून देत असतील. हवेने वाईन उतरते, त्यामुळे अर्धी बाटली तशीच झाकण लावून ठेवली की निम्मी बाटली हवा आत राहतेच. आम्ही काय करतो, सोड्याची लहान काचेची बाटली गरम पाण्याने स्वच्छ धुऊन, वाळवून ठेवलेली असते. मोठी उघडल्या उघडल्याच लागणार नाही तेवढी त्यात काठोकाठ ओतायची, झाकण लावायचं, फ्रीजमध्ये. चार-पाच दिवस आरामात जातात. रेडसुद्धा फ्रीजमध्येच. आणि तरीही विसरलीच तर मटणाच्या रश्श्यात घाला म्हणतात, मी घालून बघितलीय, आपल्या काळ्या मसाल्यापुढं तिचा पत्ताच लागत नाही.

रेड रूम टेम्परेचरला प्यावी हे वाक्य ज्याने लिहिलं तो सोलापूरला आला नव्हता. त्यांची रूम म्हणजे १६ ते १८ अंश. आमची रूम एप्रिलमध्ये रात्री अकराला सुद्धा ३३ दाखवते. त्या तापमानाला रेडमधनं फक्त अल्कोहोल नाकात जातं आणि खोकल्याच्या औषधाची आठवण येती. तर रेड दीड-दोन तास फ्रीजमध्ये, आणि व्हाईट उलट, फ्रीजमधनं दहा मिनिटं आधी बाहेर, कारण एकदम बर्फगार असली की वासच येत नाही. लाईट गेली असेल तर टर्किश नॅपकिन पाण्यात भिजवून पिळायचा, बाटलीला गुंडाळायचा आणि खिडकीत वाऱ्यावर ठेवायची. माठाचं तंत्र आहे, पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं, आणि सोलापूरची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी की मुंबईपेक्षा इथं हे जास्त चांगलं चालतं. नॅपकिन आम्हाला कारखान्यातनं सेकंडच्या मालात स्वस्तात मिळतात, एखादा धागा निघालेला असतो, बाटलीला काय फरक पडतो.

नॅपकिनचा दुसरा उपयोग जास्त मजेचा. दोन्ही बाटल्या मानेपर्यंत नॅपकिनमध्ये गुंडाळून रबर लावायचं, एकीला लाल रबर, एकीला हिरवं, आणि कुठली कुठली ते फक्त ज्याने आणली त्याला माहिती. एकदा मी मुद्दाम एक पाचशेच्या आतली आणि एक हजाराच्या पुढची आणली (त्या महिन्यात वर्गणी चारशे झाली, बँकवाल्याने पावती मागितली) आणि सहज बोलल्यासारखं सांगितलं की हिरवं रबर महागडी आहे. खोटं सांगितलं. बँकवाला वीस मिनिटं हिरव्या रबरावर बोलला. खोली आहे म्हणे. लांब टिकती म्हणे. नॅपकिन काढल्यावर पाच मिनिटं माझ्याशी बोलला नाही. पण मी त्याला नंतर सांगितलं की तू एकटा नाहीस, २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हेच केलं, एकच वाईन लोकांना एकदा १० डॉलरची म्हणून दिली आणि एकदा ९० डॉलरची म्हणून, तर लोकांना ९० वाली जास्त आवडली, आणि नुसतं तोंडाने नाही, मेंदूच्या स्कॅनमध्ये सुद्धा आनंद जास्त दिसला. त्याच्याही आधी, २००१ मध्ये, फ्रान्समधल्या बोर्दोच्या फ्रेडरिक ब्रोशे यांनी वाईन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाईट वाईनच चव नसलेला लाल रंग घालून दिली, आणि त्यांनी तिला रेडची सगळी विशेषणं लावली. बोर्दोची पोरं फसली तर जुळे सोलापूरच्या बँकवाल्याचं काय घेऊन बसलात.

जी फसत नाही ती आमच्या घरची. एकदा शिराज नावाच्या द्राक्षाची रेड होती, आम्ही तिघं पुरुष "फ्रूटी आहे, स्मूथ आहे" असलं मागच्या लेबलवरचं पाठांतर म्हणत होतो, तर बायको ग्लास नाकाखाली धरून म्हणाली, "यात मिरी आहे. रोज कुटते मी, मला नका सांगू." आम्ही हसलो. मास्तरांनी घरी जाऊन वाचलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, वहिनी बरोबर आहेत, शिराजमध्ये रोटंडोन नावाचं द्रव्य सापडतं आणि काळ्या मिरीचा वास ज्याने येतो तेही तेच द्रव्य. तसंच सोव्हिन्यों ब्लांक या व्हाईटमध्ये आणि कॅबर्ने या रेडमध्ये कधी कधी हिरवी ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येतो, तोही कल्पनेतला नाही, मिरचीतलीच पायराझिन नावाची वासाची द्रव्यं द्राक्षात पण असतात. त्यानंतर आमच्या टेबलावर मसाल्याचा डबाच असतो. लवंग, दालचिनी, मिरी, वेलदोडा, एकेक हुंगायचं आणि मग ग्लास. परदेशात असल्या वासाच्या छोट्या कुप्यांचे किट विकतात, बऱ्यापैकी महाग, आपला मिसळणाचा डबा फुकट.

ग्लास मात्र घ्या. चहाच्या ग्लासात जमत नाही, वास उडून जातो. तोंडाशी निमुळता होत गेलेला कुठलाही साधा काचेचा चालतो, आम्ही नवी पेठेतनं सहा घेतले, त्यातले चार जिवंत आहेत. तिसरा हिस्साच भरायचा म्हणजे फिरवताना शर्टवर येत नाही.

खाण्याचं म्हणाल तर शेंगा चटणी आणि कडक भाकरीसमोर तुरट रेड घेऊ नका, तिखट आणि टॅनिन एकमेकांना पेटवतात, कानातनं धूर. किंचित गोडसर चेनिन घ्या, तिथं चटणी एकदम गप्प बसते. डिस्को भजीसोबत बुडबुड्याची स्पार्कलिंग, तेल धुऊन निघतं, पण स्पार्कलिंग आमच्या वर्गणीत वर्षातनं एकदाच, थर्टी फर्स्टला. हुरड्याच्या सीझनला एकदा शेतावर रोझे नेली होती, ती कुणी प्यायली नाही, सगळे हुरड्यावरच तुटून पडले. बरोबर केलं.

एक मोठा खर्च केला तो म्हणजे फेब्रुवारीत मोटेवाडीला गेलो, माळशिरस तालुक्यात, फ्रातेल्ली या वाईन कंपनीच्या बागा बघायला. पंढरपूर-वेळापूरवरून, पेट्रोल वाटून घेतलं. आपल्याच जिल्ह्यात एवढं आहे आणि आम्ही वाईन म्हणलं की नाशिकचं नाव घेत बसतो. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की, तिन्हीकडचे भाऊ भाऊ, म्हणून नाव फ्रातेल्ली, इटालियनमध्ये भाऊ. तिथं सांजोवेझे म्हणून इटलीच्या तोस्कानाचं द्राक्ष लावलंय. मी एक मणी तोंडात टाकला तर बारका, आत बिया, आणि गोडी अशी की बोटं चिकटली. आपल्याला सवय खायच्या द्राक्षाची, लांबट, पातळ सालीचं, बिनबियाचं. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस या जाती काढून या जिल्ह्याला नाव मिळवून दिलं ते याच द्राक्षात. आमचे शेतकरी मणी फुगावा म्हणून जीएमध्ये (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं औषध) घड बुडवतात आणि इथं उलटं, मणी बारीक हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो, रसात नाही, मणी बारीक म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. हे मला दहा ठिकाणी वाचून कळलं नव्हतं, एक मणी चावून कळलं. त्यांची सेत्ते नावाची वरच्या दर्जाची रेड लांबूनच बघितली. गाडी चालवणारे मास्तर होते, त्यांनी प्रत्येक घोट थुंकला. टेस्टिंगमध्ये थुंकतातच, जज लोक पण थुंकतात, आणि या कलेत आपलं गाव मागे नाही हे प्रत्येक जिन्याचा कोपरा सांगतो.

आईचा या सगळ्याला विरोध. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या सुपरमार्केटात वाईन ठेवू द्यायचा सरकारने निर्णय घेतला होता आणि मग केवढा गदारोळ झाला, तेव्हापासून तिच्या तोंडी एकच, "दारू ती दारूच, द्राक्षं खावीत की सरळ, पचतील तरी." मी वाद घालत नाही, तिचं चुकीचं पण नाही, बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतंच. म्हणून महिन्यातनं एकदाच आणि ती झोपल्यावर.

गेल्या शनिवारी ती झोपलीच नाही. सगळे आलेले, दोन नॅपकिनवाल्या बाटल्या टेबलावर, आणि आई चष्मा शोधत बाहेर आली ती तिथंच खुर्चीत बसली. म्हणाली, "काय हुंगताय मघापासनं कुत्र्यासारखं, बघू." मी लाल रबरवाला ग्लास दिला. तिने तोंडाला लावला नाही, पदर सावरून नुसता वास घेतला, परत घेतला.

"पेरूचा हाय वास. कच्च्या." मग ग्लासला बोट लावलं. "अन् एवढी गार कशाला केली रे, वास मरून गेलाय निम्मा."

सोव्हिन्यों ब्लांक होती. बँकवाल्याने गुपचूप स्वतःचा ग्लास परत हुंगला. बायकोने बाटली नॅपकिनमधनं काढली आणि दहा मिनिटं तशीच टेबलावर ठेवली.